अब्बांच्या घड्याळाची चेन



मागच्या महिन्यात शिलाई मशीनच्या तेलपाण्याबद्दल लिहिले होते. या महिन्याचा विषय मशीनपेक्षा पुष्कळ लहान आहे, मुठीत मावणारा. मनगटी घड्याळाची धातूची चेन कशी काढावी, कशी लहान करावी आणि कशी बदलावी, एवढाच. पण या एवढ्याशा चेनवरून आमच्या घरात आठ दिवस दोन बहिणींचा अबोला होता. म्हणून जरा सुरुवातीपासून सांगावे लागेल.

आमचे अब्बा १९८१ साली नोकरीसाठी कुवेतला गेले. पहिल्या सुट्टीला आले तेव्हा दोन ब्लँकेटे, एक टेपरेकॉर्डर आणि मनगटावर सिको फाइव्ह घड्याळ घेऊन आले. कोकणातल्या आमच्या तालुक्यात त्या काळी आखातातून आलेल्या माणसाची ओळखच ती होती. या घड्याळाच्या नावातला 'फाइव्ह' म्हणजे पाच गुण. जपानी कंपनीने १९६३ साली ही जात काढली तेव्हा ते ठरवले होते: हाताच्या हालचालीवर आपोआप चालणे, वार आणि तारीख एकाच खिडकीत दिसणे, पाण्यापासून बचाव, चारच्या आकड्याजवळ बॉडीत दबलेली चावी, आणि पाचवा गुण म्हणजे टिकाऊ बॉडी आणि टिकाऊ चेन. आखातात विकल्या जाणाऱ्या घड्याळांत वार इंग्रजीत आणि अरबीत असा दोन्ही प्रकारे येत असे. अब्बा तो अरबीत लावून ठेवत. लहानपणी आम्ही अरबी अक्षरे वाचायला शिकलो ती मदरशाच्या पाटीवर आणि अब्बांच्या मनगटावर.

दोन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला. अम्मी आमच्याकडे राहायला आल्या, त्यांच्या पेटीबरोबर घड्याळही आले. रुमालात गुंडाळून, अब्बांच्या जुन्या पासपोर्टाशेजारी ते आमच्या कपाटात पडून राहिले.

या वर्षी आमचा धाकटा दहावीला. परीक्षेच्या दालनात मोबाईल चालत नाही, स्मार्टवॉच चालत नाही. साधे काट्यांचे घड्याळ हवे. तो म्हणाला, "अम्मी, दादांचं घड्याळ घालू का?" रुमाल सोडला. घड्याळ हातात घेऊन दोनदा हलवले आणि सेकंद काटा चालू लागला. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले, आमच्याही. पण मनगटात घातल्यावर चेन थेट कोपरापर्यंत घसरली. अब्बांचे मनगट भरदार, याचे काडीसारखे.

"त्यात काय, दोन कड्या काढू," असे आम्ही म्हणालो, आणि स्वयंपाकघरातून भाजी चिरायची छोटी सुरी घेऊन बसलो.

इथे आम्ही दोन चुका केल्या. पहिली हाताची, दुसरी मनाची.

हाताची चूक अशी की सुरीचे टोक सटकले. घड्याळाच्या बॉडीवर नखाएवढा ओरखडा उठला, आणि चेन बॉडीला धरून ठेवणारी स्प्रिंगची पिन 'टिंग' करून उडाली ती दिसेनाशी झाली. मुलाचे अब्बू टॉर्च घेऊन पलंगाखाली, मुलगा झाडू घेऊन दारात, आम्ही गुडघ्यावर. दीड तासाने पिन सापडली ती पायपुसण्याच्या धाग्यांत.

मनाची चूक त्याच संध्याकाळी कळली. आपाचा फोन आला. हसत हसत आम्ही तिला पिनेची गंमत सांगितली. ती हसली नाही.

"घड्याळ कुणाचं आहे?" तिने विचारले.

"अब्बांचं."

"मग कुणाला विचारून उघडलंस? तुझ्या कपाटात आहे म्हणून तुझं झालं का?"

आम्हाला राग आला. जुन्या घड्याळावरून एवढे बोलायचे? तेही भाच्यासाठी काढलेल्या? आम्हीही दोन शब्द जास्त बोललो आणि फोन ठेवला. मग आठ दिवस इकडून फोन नाही, तिकडून नाही.

पण वाचकहो, आपाचे बरोबर होते. अब्बांच्या नंतर घर आणि बागायत यांचा हिशेब आम्ही आलिमांना बसवून, कागदावर लिहून केला होता. प्रत्येकाचा हिस्सा ज्याचा त्याला दिला. पण अब्बांचे घड्याळ, चष्मा, काठी, ती दोन ब्लँकेटे ज्या घरात पडली त्या घरची झाली. कुणी विचारले नाही, कुणी सांगितले नाही. बहुतेक घरांत असेच होते. तरक्यात मात्र जमिनीबरोबर सुई-दोराही येतो, आणि वाटणी होईपर्यंत त्यावर प्रत्येक वारसाचा हक्क असतो. वर्गात आम्ही रोज मुलांना सांगतो की शेजाऱ्याची पेन्सिलही न विचारता घेऊ नये. घरी मात्र एका बहिणीची वस्तू न विचारता सुरीने उघडली.

अम्मी आठ दिवस गप्प होत्या. नवव्या दिवशी असरनंतर म्हणाल्या, "माझा हिस्सा मी नातवाला दिला. आता उरलेल्या दोघांना तू विचार."

भाईजान कुवेतला असतात. ते एका वाक्यात म्हणाले, "त्याला दे, आणि पेपर चांगला लिही म्हणावं." आपाला फोन लावताना हात थरथरत होता. माफी मागितली. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझा हक्क मी खुशीनं सोडला. पण दोन गोष्टी. त्या चेनला कानस लावायची नाही, आणि काढलेली एकही कडी फेकायची नाही."

एवढी अट घातल्यावर काम नीट शिकूनच करणे भाग होते. आमच्या गावात एसटी स्टँडजवळ काचेच्या एका लहानशा पेटीमागे एक चाचा चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करतात. त्यांचा नातू आमच्या वर्गात आहे. ओरखडा पाहून त्यांनी मान हलवली. "टीचर, सुरी भाजीसाठी. घड्याळाला घड्याळाची हत्यारं." मासिकात लिहायचे आहे म्हटल्यावर मात्र त्यांनी स्टूल पुढे केले आणि अर्धे काम आमच्याच हातून करून घेतले. पुढे जे लिहिले आहे ते त्या दुपारचे शिक्षण समजा.

आधी चेन ओळखा

चेन उलटी करून आतली बाजू पाहा. लॉकजवळच्या काही कड्यांवर बारीक बाण कोरलेले दिसले तर त्या कड्यांत दाबून बसवलेल्या पिना आहेत आणि त्या काढता येतात. बाण नसलेल्या कड्या बहुधा कायमच्या जोडलेल्या असतात; त्यांच्या वाटेला जाऊ नये. कडीच्या कडेला पेचकसाची खाच दिसली तर तिथे पिनेऐवजी स्क्रू आहे. स्क्रूवर हातोडी मारली तर चेन वाया जाते. त्याला अगदी बरोबर मापाचा बारीक पेचकस लागतो.

काही चेनमध्ये पिनेबरोबर एक इवलीशी नळी असते. पिन निघताना ती कडीतून गळून पडते. तिळाएवढ्या या नळीकडे लक्ष नसले की ती केरात जाते, आणि मग पिन कितीही ठोकली तरी पकड धरत नाही. रबरासारखी ताणली जाणारी चेन असेल तर घरी हात लावू नये, ती सरळ कारागिराकडे न्यावी.

हत्यारे फार नाहीत. एका टोकाला दुबेळके आणि दुसऱ्या टोकाला सुईसारखे असे पिन काढायचे छोटे हत्यार, एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या जाडीचा पिन ठोकायचा सुंभा, लहान हलकी हातोडी, आणि चेन उभी धरून ठेवायला खाचा असलेला प्लॅस्टिकचा ठोकळा. हा संच घड्याळाच्या सुट्या सामानाच्या दुकानात मिळतो. घरात चार घड्याळे असतील तर घेऊन ठेवण्यासारखा आहे.

बॉडीपासून चेन सोडवणे

घड्याळाच्या बॉडीला वर दोन आणि खाली दोन अशी चार टोके पुढे आलेली असतात. कारागीर त्यांना लग म्हणतात. समोरासमोरच्या दोन लगांमध्ये स्प्रिंगची पिन आडवी बसते. ही पिन म्हणजे एक बारीक नळी. तिच्या आत स्प्रिंग आणि दोन्ही टोकांना आत-बाहेर होणारी बोंडे. बोंडे लगाच्या आतल्या छिद्रांत अडकतात. एक बोंड आत दाबले की पिन सुटते. सगळी युक्ती एवढीच.

टेबलावर जाड टॉवेल अंथरा, म्हणजे पडलेली वस्तू उडी मारत नाही. लगांच्या बाहेरच्या बाजूला साधी चिकटपट्टी लावा, म्हणजे हत्यार सटकले तरी ओरखडा पट्टीवर जातो. आमच्या घरातला ओरखडा पाच पैशांच्या चिकटपट्टीने वाचला असता. घड्याळ पालथे ठेवा. चेनची शेवटची कडी आणि लग यांच्या फटीत हत्याराचे दुबेळके टोक घाला. तिथे पिनेचा उंचवटा हाताला लागतो. तो उंचवटा लगापासून दूर, मधल्या बाजूला दाबायचा आणि त्याच वेळी चेन हलकेच वर उचलायची. जोर लावायचा नाही. जोर लागत असेल तर टोक चुकीच्या जागी आहे.

काही घड्याळांत लगाला बाहेरून आरपार छिद्र असते. तिथे सुईसारखे टोक बाहेरून आत दाबले की काम होते.

पिन उडण्याची भीती असेल त्यांच्यासाठी चाचांची एक युक्ती: घड्याळ आणि दोन्ही हात एका मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काम करा. पिन उडाली तरी पिशवीतच राहते. हे ऐकून आम्हाला पायपुसणे आठवले.

बसवताना उलटा क्रम. पिन शेवटच्या कडीत घाला, एक बोंड एका लगाच्या छिद्रात टेकवा, दुसरे बोंड हत्याराने दाबून आत सरकवा आणि सोडा. 'टक' असा आवाज आला पाहिजे. मग चेन दोन्ही हातांनी नीट ओढून पाहा. ज्या पिनेचे बोंड पूर्ण आत गेलेले नसते ती त्या दिवशी टिकते आणि चौथ्या दिवशी बसच्या खिडकीतून घड्याळ जाते. स्प्रिंगच्या पिना जुन्या झाल्या असतील, वाकल्या असतील किंवा गंजल्या असतील तर बदलूनच टाका. जोडी चहाच्या पैशांत मिळते.

कड्या कमी करणे

किती कड्या काढायच्या हे आधी ठरवा. चेन मनगटात घालून लॉक लावा आणि जास्तीची चेन मनगटाच्या आतल्या बाजूला चिमटीत धरा. चिमटीत जेवढ्या कड्या येतील तेवढ्या काढायच्या, पण एखादी कमीच. काढलेली कडी परत घालता येते हे खरे, पण प्रत्येक वेळी पिनेची पकड थोडी कमी होते.

कड्या लॉकच्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढाव्यात. सगळ्या एकाच बाजूने काढल्या तर लॉक मनगटाच्या मधोमध न येता कडेला येते आणि लिहिताना बाकाला घासते. परीक्षा देणाऱ्या मुलाला तर हे फारच जाचते. विषम आकडा आला तर जास्तीची कडी सहाच्या आकड्याकडच्या बाजूने काढा.

पिन काढायची ती बाणाच्या दिशेने. चेन ठोकळ्यात उभी धरा, बाणाचे टोक खाली. पिनेवर सुंभा सरळ ठेवा आणि हातोडीने हलके दोन-तीन ठोके द्या. पिन खालून थोडी बाहेर आली की पक्कडीने ओढून घ्या. एक कडी सुटी करायला तिच्या दोन्ही बाजूंच्या पिना काढाव्या लागतात आणि पुन्हा जोडायला एकच पिन लागते. उरलेली पिन कडीसोबत जपून ठेवा.

पिन परत घालताना बाणाच्या उलट दिशेने. काढताना जे टोक सर्वांत शेवटी बाहेर आले तेच आधी आत घालायचे. बऱ्याच पिनांचे एक टोक चिरलेले असते आणि तीच तिची पकड. ते नेहमी शेवटी आत जाते. पिन कडीच्या कडेशी समतल बसली पाहिजे. बोट फिरवून पाहा. टोचली तर अजून एक ठोका.

जुन्या घड्याळांच्या चेन पातळ पत्रा दुमडून केलेल्या असतात, अब्बांची तशीच होती. अशा कड्यांवर जोरात ठोका बसला की पत्रा चेपतो. चाचांनी आमच्या हातातली हातोडी धरून सांगितले, "टीचर, दारावर थाप मारल्यागत नको. झोपलेल्या लेकराला थोपटल्यागत."

लॉकची छिद्रे

कड्या काढूनही चेन थोडी ढिली किंवा थोडी घट्ट वाटते. त्यासाठी लॉकच्या कडेला एका ओळीत तीन-चार बारीक छिद्रे असतात. तिथेही स्प्रिंगचीच पिन असते. सुईच्या टोकाने बोंड आत दाबून पिन पुढच्या छिद्रात सरकवली की चेन दोन-तीन मिलिमीटर लहान किंवा मोठी होते. लॉकच्या मधल्या बाजूचे छिद्र म्हणजे चेन घट्ट, बाहेरच्या बाजूचे म्हणजे ढिली. पुष्कळ वेळा कडी काढायची गरजच नसते, एक छिद्र सरकवले तरी भागते. म्हणून सुरुवात नेहमी इथून करावी.

आम्हीही अब्बांचे लॉक उघडून चाचांपुढे धरले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही पिन अगदी आतल्या छिद्रात आहे. बाहेरच्या छिद्रापाशी वर्षानुवर्षांची झीज आहे. मधल्या दोन्हींवर सुईचे ताजे ओरखडे. शेवटी शेवटी कुणी तरी घरीच एक-एक छिद्र सरकवत आणलंय."

आम्हाला लगेच कळले. शेवटच्या सहा महिन्यांत अब्बांचे वजन भराभर उतरले होते. घड्याळ मनगटावरून निसटायचे. आम्ही म्हणायचो, "अब्बा, आता कुठं जायचंय? काढून ठेवा ना, बोचेल." ते म्हणायचे, "राहू दे, वक्त कळतो." अजानचा आवाज त्यांना नीट येत नसे. पलंगावर पडल्या पडल्या ते काटे पाहून नमाज अदा करत. त्यांच्या उशाशी अम्मींची सुई-दोऱ्याची डबी का असायची, हे तेव्हा कुणी विचारले नाही. 'दोन कड्या काढून आणा' एवढे ते आम्हाला सांगू शकले असते. किंवा आम्हीच होऊन विचारायला हवे होते. स्टँडवर चाचांकडे दहा मिनिटांचे काम होते.

ज्यांच्या घरी वडीलधारे आजारी आहेत त्यांनी आज त्यांच्या घड्याळाखाली एक बोट घालून पाहावे. करंगळी सहज जावी एवढी चेन ढिली असावी, त्याहून जास्त नाही. साखर, दमा किंवा मोठ्या दुखण्याने वजन उतरले की चेन आधी सांगते. उलट पायांना, हातांना सूज येत असेल तर तीच चेन रुतते. तेव्हा ती मोठी करावी.

चेनऐवजी पट्टा

चेन पूर्ण काढून चामड्याचा, नायलॉनचा किंवा रबरी पट्टा लावायचा असेल तर दोन लगांच्या आतले अंतर मोजपट्टीने मोजा. बहुतेक मोठ्या माणसांच्या घड्याळांत ते १८, २० किंवा २२ मिलिमीटर असते. बायकांच्या घड्याळांत कमी. पट्टा त्याच मापाचा घ्या. एक मिलिमीटर मोठा पट्टा कोंबला तर कडा चुरगळतात, लहान घेतला तर पिन उघडी पडून हलत राहते. सरळ टोकाचा पट्टा मापात असला की कोणत्याही घड्याळाला बसतो. नवी चेन घेताना मात्र तिच्या टोकाच्या कडीचा बाक बॉडीच्या गोलाईला जुळतो का, हे घड्याळ सोबत नेऊनच पाहावे. पट्ट्याचा बकलचा तुकडा बाराच्या बाजूला आणि छिद्रांचा लांब तुकडा सहाच्या बाजूला लावतात.

काही घरांत पट्टा लावण्याचे कारण वेगळे असते. पुरुषांनी धातूची चेन घालून नमाज पढावी की नाही, याबद्दल उलमांत मतभेद आहेत. काही ती योग्य मानत नाहीत, पुष्कळ जण जायज मानतात. त्याचा फैसला करणे आमचे काम नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. पण घरातल्या बुजुर्गांना पट्टा हवा असेल तर तो लावून देणे पाच मिनिटांचे काम आहे, त्यावर वाद घालण्यात तास घालवू नयेत. काढलेली चेन दोन्ही पिनांसकट एका डबीत ठेवावी.

वुजू, घाम आणि खाज

घड्याळाखालची कातडी वुजूत कोरडी राहू नये हे आपण सगळे जाणतो. घट्ट चेनखाली पाणी पोहोचत नाही, म्हणून ती वुजूच्या आधी काढावी किंवा नीट वर सरकवून पाणी फिरवावे. काढलेले घड्याळ मस्जिदीच्या हौदाच्या कट्ट्यावर ठेवू नये, खिशात टाकावे. कट्ट्यावर विसरलेली घड्याळे किती असतात ते कोणत्याही मुअज्जिनसाहेबांना विचारा. दिवसातून पाच वेळा भिजणारा चामड्याचा पट्टा लवकर कुजतो आणि वास मारतो. अशा माणसाला धातूची चेन किंवा नायलॉनचा पट्टा बरा.

चेनच्या सांध्यांत घाम, साबण आणि धूळ यांचा काळा चिखल साचतो. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत तर लवकरच. दोन-तीन महिन्यांनी चेन घड्याळापासून सोडवावी, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून तीत बुडवावी, जुन्या मऊ टूथब्रशने सांधे घासावेत, पुसून सावलीत पूर्ण वाळवावी. फक्त चेन, घड्याळ नव्हे. जुन्या घड्याळाच्या पाठीतले रबर कडक झालेले असते. तिच्यावर 'पाणी शिरत नाही' असे कोरलेले असले तरी त्यावर भरवसा ठेवू नये.

चेनखाली लाली, खाज किंवा बारीक पुरळ येत असेल तर ते निकेलमुळे असू शकते. घड्याळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३१६एल जातीच्या स्टीलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असते. चांगल्या स्टीलमध्ये ते घट्ट बांधलेले असते, त्यामुळे बहुतेकांना काही होत नाही. स्वस्त चेनवरचा मुलामा उडाला की मात्र घामाबरोबर निकेल कातडीला लागते. आधी चेन स्वच्छ करून पाहा. तरी खाज राहिली तर डॉक्टरांना दाखवा आणि पट्टा लावा, किंवा निकेल नसलेल्या टायटॅनियमची चेन पाहा.

आता आमच्या घड्याळाचे काय झाले ते सांगून थांबतो.

चाचांनी आधी लॉकची पिन बाहेरच्या छिद्रात परत नेली आणि म्हणाले, "पोरगा वाढतं झाड आहे. आत जागा राखून ठेवू नका, बाहेरही ठेवा." मग दोन्ही बाजूंनी दोन-दोन अशा चार कड्या काढल्या. शेवटच्या दोन आमच्या हातून. पिन मधल्या छिद्रात बसवली. चेन मुलाच्या मनगटावर करंगळीएवढी जागा ठेवून बसली. पैसे देऊ लागल्यावर त्यांनी फक्त नव्या पिनांचे घेतले. ओरखडा घासून काढू का, असे विचारले. आम्ही राहू द्या म्हणालो.

चार कड्या आणि चार पिना औषधाच्या एका रिकाम्या डबीत घालून आम्ही आपाकडे पाठवल्या. वाटणीत हे कुठे लिहिलेले नव्हते, तिने मागितलेही नव्हते. ती आता तिच्या कपाटात आहे. पोरगा दोन-तीन वर्षांत भरला की कड्या परत लागतील, तेव्हा त्याने मावशीकडे जाऊन मागून आणायच्या, असे ठरले आहे.

पहिल्या पेपरच्या सकाळी तो निघताना आम्ही घड्याळ तपासले. वार अरबीतच होता.